लेखकाच्या मते

रायबंदरला, फेरीधक्क्याच्या वरच्या गल्लीत,
कुलासो बाईंच्या शिलाई मशीनमागची खोली
मी पाच ते सात भाड्यानं घेतो
आणि सात मुलांना उतारे वाचायला शिकवतो.
म्हणजे वाचायला नव्हे.
गोल काळा करायला.

आधी प्रश्न वाचा, मग उतारा.
ज्या पर्यायात 'नेहमी' आहे, 'फक्त' आहे, 'कधीच नाही' आहे
त्यावर काट मारा. इतकं ठाम कुणी नसतं.
एक पर्याय उताऱ्यातलेच शब्द अंगावर घालून येतो,
आमंत्रण नसताना लग्नात जेवायला बसलेल्यासारखा.
त्याला उठवा.
एक खरा असतो, पण तो कुणी विचारलेलाच नसतो.
उरतात दोन.
इथवर सगळेच पोचतात.

परवा उतारा क्रमांक नऊ. खाजन शेती.
बारा ओळी: बांध, खारं पाणी, कोरगूट भात,
'पूर्वजांची दूरदृष्टी' दोनदा.
प्रश्न चौथा:
लेखकाच्या मते मानशीच्या दारांचा मुख्य उद्देश कोणता?
अ. नदीचं खारं पाणी शेतात शिरू न देणं
ब. फक्त मासे पकडणं
क. शेतातलं साचलेलं पाणी नदीत जाऊ देणं
ड. गावाची शोभा वाढवणं

सहा पेन्सिली अ वर टेकल्या.
सातवी, सगुण पागीची, अ आणि क च्या मध्ये
हवेत.
'सर, किती वाजता?'
काय किती वाजता?
'हा प्रश्न. भरती आसता तेन्ना अ. सुकती लागली की क.
दार एकच, सर. पाणीच लोटतं, पाणीच उघडतं.
मुख्य असं काय नसतं.'

मुलं हसली. मशीन थांबलं,
कुलासो बाईही ऐकत असाव्यात.
मी नियम सांगितला, जो रोज सांगतो:
उत्तर उताऱ्यात शोधायचं.
उताऱ्याबाहेरचं काहीही वापरायचं नाही.
तो थोडा वेळ गप्प.
'म्हणजे पप्पांना वापरायचं नाही?'

त्याचा बाप चोडणला मानशेकार.
अंधाऱ्या रात्री पोंयेवर कंदील टांगून
सुंगटांसाठी जाळं लावतो,
फळी कुजायला लागली की दाराचा आवाज बदलतो,
तो त्याला अंथरुणात ऐकू येतो.
हे सगळं मला सगुणनंच सांगितलंय,
इतर प्रश्न सोडवायचे टाळून.

आणि आता जे मी वर्गात सांगितलं नाही.
उतारा क्रमांक नऊ माझा आहे.
गाइड छापणाऱ्याला मी असे चाळीस दिले,
उताऱ्याला साठ रुपये, प्रश्नांसकट,
चुकीचे तीन पर्याय धरून.
चुकीचे लिहायलाच वेळ लागतो. बरोबर तर एकच असतो.
क मी चुकीचा म्हणून लिहिला होता.
चांगला जमलाय, असंही वाटलं होतं.

या खिडकीतून मांडवी दिसते, पलीकडे चोडण,
फेरीबोट जाते, येते, पैसेही पडत नाहीत चालत जाणाऱ्याला.
अकरा वर्षं मी ती बघतोय.
मानस मी पाहिलेली नाही.

सात वाजले. सगुण पळाला, पेपर टाकून.
चौथ्या प्रश्नाला त्यानं दोन गोल
अर्धे अर्धे काळे केलेत,
अ चा वरचा अर्धा, क चा खालचा,
अगदी नीट, रेघ मारून.
यंत्र याला शून्य देतं.
मीही शून्य दिलं. द्यावंच लागतं,
परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय
आणि त्याचा बाप माझी फी
सुट्ट्या नोटांत देतो, ओलसर.

मग पेपर उलटा केला.
मागच्या कोऱ्या बाजूला, लाल पेनानं,
एकही पर्याय न देता लिहिलं:
उद्या सुकती किती वाजता?